कोड पुसल्यापासूनचे किलोमीटर

ता. ३, मंगळवार

लागला! इंजिनाचा पिवळा दिवा लागला. भंगारातली मोठी टाकी बसवून चार दिवस झाले नाहीत तोच. मिस्त्रीने स्कॅनर लावला. वाफ निसटतेय म्हणे. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून तिला कोळशाच्या डब्यात कोंडतात. त्या वाटेवर कुठेतरी फट आहे. हे मला फार आवडलं — कोळसा वाफ पितो आणि मग इंजिनाला पाजतो! अर्धा तास डबाच बघत बसलो. काम तसंच राहिलं.

तेराला तपासणी. दिवा दिसला तर गाडी नापास. गाडी नापास तर सोळापासूनचं बंदरावरचं रंगकाम गेलं. बाबांना झटका आला म्हणून आठ दिवसांसाठी आलो होतो, त्याला सात महिने झाले. आई म्हणते, भिंगरीला खिळा ठोकला कुणीतरी.

ता. ४

टाकीचं झाकण बदललं, मिस्त्रीने स्कॅनरवरून बिघाडाचा कोड पुसला, दिवा विझला. आता गाडी अंगणातून हलवायची नाही. गोदामावर कामाला सायकलने.

ता. ७, शनिवार

किल्ली फिरवून बघितली. दिवा लागलाय. उभ्या गाडीचा!

मिस्त्रीला घरी बोलावलं. तो म्हणाला, उभ्या उभ्या हा दिवा लागतच नाही. गाडी थंड हवी, टाकी ना भरलेली ना रिकामी, मग वीसेक मिनिटं एकसारखा वेग — तेव्हा कुठे ती स्वतःला तपासते. आणि दोन वेगळ्या फेऱ्यांत नापास झाली तरच दिवा.

"कुणाला दिली होतीस, राजा?"

"कुणालाच नाही."

दिवा लागला ती घटका स्कॅनरमध्ये जशीच्या तशी गोठलेली असते. वेग चौसष्ट. कोड पुसल्यापासून त्र्याऐंशी किलोमीटर. मिस्त्रीने काच शर्टाला पुसली, परत बघितलं. त्र्याऐंशीच.

ता. ८

पेट्रोलही उतरलंय. मी म्हटलं, वाफ होऊन गेलं असेल. मिस्त्री म्हणाला, वाफ होऊन तू जाशील, एवढं पेट्रोल नाही जायचं. घरात आणखी कोण चालवतं, विचारत होता. बाबा पलंगावर. आईला सायकलसुद्धा येत नाही. दोघंही हसलो. हसून झाल्यावर अंगणाकडे बघवेना.

एक किल्ली बाबांनी केव्हाच हरवली. दुसरी आजपासून माझ्या खिशात. कोड पुन्हा पुसला.

ता. १०, मंगळवार

किल्ली दिवसभर मांडीला टोचत होती. सकाळी टायरवर आणि खाली फरशीवर खडूने एक सलग रेघ मारली होती. पाचला आलो. फरशीवरची रेघ जागच्या जागी. टायरवरची वर गेलेली. बॉनेट कोमट.

ऊन असेल म्हटलं. पण दुपारनंतर तिथे सावलीच असते.

ता. ११

कामाला दांडी. बाबांच्या पलंगाशेजारी बसून खिडकीतून पहारा. काही नाही. गाडी ढिम्म. एक मुंगी काचेवर चढायची, पडायची, परत चढायची. तिच्या नादात दुपार कधी सरली कळलं नाही.

झटक्यापासून बाबांकडे एकच शब्द उरलाय. 'गेली.' पाणी हवं तरी गेली, कूस बदलायची तरी गेली. आज गाडीकडे बघत तीनदा म्हणाले. कपाळावर घाम. मी म्हटलं, बाबा, आहे की, ही काय समोर! आई आतून म्हणाली, वीज गेली म्हणतायत ते.

पंखा तर फिरत होता.

ता. १२

मिस्त्रीने धुराचं मशीन आणलं. वाफेच्या नळ्यांत पांढरा धूर सोडला आणि दोघं गाडीखाली आडवे. बराच वेळ काही नाही. मग टाकीच्या मागच्या रबरी नळीतून एक बारीक रेघ बाहेर आली — सरळ, सावकाश, कुणी श्वास सोडावा तशी. नखाएवढी चीर! मोठी टाकी बसवताना मीच नळी मुरगळली होती.

नळी बदलली. आई पदराला हात पुसत बघायला आली. आता दिवा नाही ना लागायचा, विचारलं.

"जगाच्या टोकाला गेली तरी नाही, काकू," मिस्त्री म्हणाला.

चौसष्टचं काय ते त्यानेही काढलं नाही, मीही नाही.

ता. १३, शुक्रवार

पास!! येताना टाकी काठोकाठ भरली. आईला म्हटलं, परवा पहाटे निघतो. ती म्हणाली, बरं. बाबांचं काय, हे मी विचारलं नाही. तिनेही नाही.

ता. १४

गाडी नाही. आई नाही. तिचा फोन ओट्यावर, बंद करून ठेवलेला.

बाबांच्या गोळ्यांचे सहा डबे आहेत. एकावरही काही लिहिलेलं नाही. तिला पाठ होतं सगळं.