मागच्या खोलीचा ताबा

रविवार, १० जानेवारी १९८८
आलो एकदाचा. अठ्ठावीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, लोकांच्या मालाला कुलपं लावली. आज पहिल्यांदा स्वतःच्या घराचं दार स्वतःच्या किल्लीने उघडलं. बदलापूर गावातलं हे कौलारू घर सहा वर्षं बंद होतं. निम्मी कौलं फुटलेली, आत घुशींची बिळं, पण जोतं दगडी आणि वासे सागाचे. याचे चार ब्लॉक काढायचे. दोन-दोन खोल्या आणि एक मोरी. तीन भाड्याने द्यायचे, चौथ्यात मी आणि माझी बायको नीलिमा.
बाईसाहेबांनी घर बघून नाक मुरडलं होतं. मुरडू दे. रिटायर झाल्यामुळे क्वार्टर ३१ तारखेला सोडायचंय, फंड सगळा इथे ओतलाय, दुसरं छप्पर आहे कुठे? ती त्या दिवशी सामान घेऊन टेम्पोने येणार. तोवर मी इथेच ओसरीलगतच्या खोलीत, स्टोव्हवर पिठलं करून मजेत आहे.

बुधवार, १३ जानेवारी
मागच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे. खरेदीच्या वेळीच जुन्या मालकाने सांगितलं होतं, ते जुन्या भाडेकरणीचं. सुंदराबाई नावाची विधवा. गावी निघून गेली, खोली मात्र सोडली नाही. आता हे कुलूप फोडलं की बाई उद्या कोर्टात उभी, आणि मग दहा-पंधरा वर्षं तारखा. कारखान्यातल्या दोघांची अशी वाट लागलेली मी बघितली आहे. भाडेकरू एकदा डोक्यावर बसला की उठत नाही.
म्हणून कुलपाला हात न लावता पूर्ण दरवाजाच विटांनी चिणून टाकायचा. वरून गिलावा, वरून चुना. दारच दिसलं नाही तर ताबा सांगणार कशावर? गवंडी नवसू बारवी धरणाकडच्या वाडीवरचा, हाताला चांगला. पण म्हणाला, आधी आत डोकावून बघू, वस्तू असतील कोणाच्या. मी त्याला झाडला. घर माझं, भिंत माझी.

शनिवार, १६ जानेवारी
भिंत झाली. खोली होती असं सांगूनसुद्धा कोणाला पटणार नाही. स्वतःवर खूश आहे.
दुपारी मात्र नळ कोरडा. मीटरजवळचा कॉक कोणीतरी पिळून बंद केला होता. नवसूची बायको राही घमेली वाहते, तिला बोललो. ती माझ्यामागच्या नव्या भिंतीकडे बघत राहिली. उद्धटपणा नुसता.

मंगळवार, १९ जानेवारी
रोज कॉक बंद होतो. आज फ्यूजही काढून ठेवलेला सापडला, भर अकरा वाजता, मी दहा हातांवर उभा असताना. शेजारच्या वेणूबाईवर संशय आहे. म्हातारी दिवसभर कुंपणाशी तांदूळ निवडत आमच्याकडे टक लावून असते.
बाकीच्या भिंतींचा गिलावा वाळून पांढरा पडला. तीच एक भिंत ओली आहे. सगळी नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर पाठीएवढा पट्टा, आणि दोन बाजूंना दोन तळवे. नवसू म्हणतो ओल आहे. मग ओलीला बोटं कशी?

बुधवार, २० जानेवारी
वेणूबाईला जाब विचारायला गेलो आणि ऐकून आलो ते भलतंच. नको होतं जायला.
ती म्हणाली, जुन्या मालकाला सुंदराबाईला काढायचं होतं. त्याने तिचं पाणी तोडलं, लाईट तोडली. बाई हलेना. बाहेर पाऊल टाकलं की हा कुलूप घालेल, या भीतीने ती बाजारालासुद्धा जाईना. वेणूबाई खिडकीतून भाकरी द्यायची. मग मालकाने खिडकीही बुजवली. आणि एका सकाळी सगळ्यांना सांगितलं, बाई गावी गेली.
मी म्हटलं, गेलीच की, स्वतःचं कुलूप लावून. वेणूबाईने सूप खाली ठेवलं. म्हणाली, सुंदराबाईकडे कुलूप नव्हतंच कधी. आतून कडी घालायची ती. बाहेरचं कुलूप मालकाचं.

शुक्रवार, २२ जानेवारी
दोन दिवस अन्न गेलं नाही. भिंत फोडली तर काय निघेल ते मला माहीत आहे. मग पोलीस, पंचनामा, घराला सील. आणि ३१ तारखेला नीलिमाला घेऊन मी कुठे जाऊ? स्टेशनवर?
सहा वर्षं झाली. आता उघडून कोणाचं भलं होणार आहे?
नवसूला गिलाव्याचा दुसरा हात मारायला सांगितला. मला लाज वाटली, तरी सांगितला. त्याने थापी टेकवली आणि राही ओरडली. आत बाई भिंतीला पाठ लावून बसलीय म्हणाली, आणि ती आता उठली. दोघं हत्यारं टाकून गेली. उरलेला गिलावा मीच मारला. भिंत गरम लागली हाताला.

सोमवार, २५ जानेवारी
नळ बंदच. विहिरीवरून बादली आणली तर दाराला आतून कडी. घरात मी एकटा. खिडकीतून उतरलो. कडी घट्ट बसलेली होती.
संध्याकाळी पुन्हा तेच. यावेळी माझी वळकटी, स्टोव्ह, चपला, सगळं ओसरीवर नीट रचून ठेवलेलं. भाडेकरूला काढताना ठेवतात तसं.
ती मला बाहेर काढते आहे. माझ्या घरातून मला.

बुधवार, २७ जानेवारी
आता बाहेर जायचंच नाही. मी आत, म्हणजे ताबा माझा. सगळ्या खिडक्यांना पट्ट्या ठोकल्या. दाराला कडी घालून तिथेच बसतो. अर्धी बादली पाणी आहे.
मघाशी नवसूचा आवाज आला, साहेब, बाहेर या. मी उठलोही होतो. मग लक्षात आलं — आवाज दाराबाहेरून नव्हता. मागच्या भिंतीतून.

शुक्रवार, २९
पाणी संपलं. घसा — आवाज फुटत नाही.
सकाळपासून कारखान्यातले साहेब हाक मारतायत, माझी वारलेली आई हाक मारते आहे. सगळ्यांचं एकच. बाहेर ये. बाहेर ये. गेलो की संपलं. भिंतीवरचा पट्टा आता कोरडा आहे. म्हणजे ती तिथे बसलेली नाही —

शनिवार
इथेच आहे. माझ्या बाजूला. श्वास नाही, नुसता ओला चुन्याचा वास. बघणार नाही. हलणार नाही —

रविवार, ३१
टेम्पो थांबल्याचा आवाज. नीलिमा हाक मारते आहे. अहो, कडी काढा.
नाही. फसणार नाही. तुझ्या आवाजात तर मुळीच नाही.
दार बडवते. क्वार्टरची किल्ली देऊन आले म्हणते. रडते. रडू दे. काल आईही रडली —
बडवणं थांबलं. वेणूबाईशी काहीतरी बोलते. मग दाराशी येऊन हळूच, दमलेल्या आवाजात म्हणाली, मी भावाकडे जाते. तुमचं घर तुम्हाला लखलाभ.
असं फक्त नीलिमा बोलते. तीस वर्षं तीच. दाराबाहेरून — खरोखर बाहेरून — नीलिमा होती ती —
टेम्पो सुरू झाला. उठतो आहे. थांब, नीलिमा, काढतो कडी — आलो — कडीवर आधीच कोणाचा तरी ओला हात