गाऱ्हाणं, बाबांच्या आवाजात

भांडुप (पश्चिम),
१२ फेब्रुवारी २०२५

ती. बाळादादास,
प्रेमाचा साष्टांग नमस्कार.

मायना बरोबर आहे ना? तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, आणि आज स्वतः लिहायला बसले तर घरात धड पेन सापडेना. फोनवर हे जमलं नसतं. तू तीन मिनिटांत "बरा, ठेवतंय" म्हणतोस आणि मला मुद्द्यावर यायलाच पाच मिनिटं लागतात.

आम्ही सगळे ठीक आहोत. माझ्या नितेशची पुण्याची बदली टळली. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, कुडाळच्या डॉक्टरवर भागवू नकोस, इकडे ये. आमच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद असते, तेवढं सोसायची तयारी ठेव म्हणावं.

बाबा जिथे साऱ्या चाळीसाठी देवापुढे गाऱ्हाणं घालायचे, ते पिंपळाखालचं आपलं देऊळ आता तू ओळखणार नाहीस. चाळ पाडली तेव्हा बिल्डरने ते कोपऱ्यात हलवून संगमरवराचं करून दिलं. ट्रस्ट झाला, एसी आला, लवकर दर्शनाची वेगळी रांग आली. मी कुरकुरत होते, पण जात होते. देव तोच आहे, असं मनाला सांगायचे.

गेल्या आठवड्यात सातव्या मजल्यावरची शेवंती लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "प्रेमा, तुझ्या बाबांनी काल माझ्या नातीसाठी काय झकास गाऱ्हाणं घातलं गं. डोळ्यात पाणी आलं माझ्या."

दादा, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तशीच पिशवी हातात घेऊन देवळात गेले.

गाभाऱ्याच्या बाजूला बाबांचा हार घातलेला फोटो आणि खाली पाटी: 'गाऱ्हाणं सेवा. कै. गोपाळ परब यांच्या आवाजात.' साधं एकशे एक. कुटुंबाच्या नावांसकट पाचशे एक. व्हिसा आणि कोर्टाचं काम असेल तर साडेसातशे. शेजारी स्क्रीन. नाव टाका, अडचण निवडा, स्कॅन करा. माझ्यापुढे कोणी कृपाबेन उभी होती. तिने पैसे भरले आणि वरच्या स्पीकरमधून बाबा बोलायला लागले. "बा देवा म्हाराजा, आज ही कृपा तुझ्या दारात येऊन उभी रवली हा. तिच्या झिलाक कॅनडाचो व्हिसा मिळानदे रे म्हाराजा." मध्येच खाकरले, अगदी तसेच. आणि मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला माणसं लागतात ना, तीसुद्धा स्पीकरमध्येच होती.

मी तिथल्याच पायरीवर बसले. बाबांनी जन्मात कॅनडा हा शब्द उच्चारला नसेल.

ट्रस्टचा सेक्रेटरी शौनक म्हणून आहे, नितेशच्या वयाचा. त्याला मी नको नको ते बोलले. तो म्हणाला, "मावशी, गाऱ्हाणं घालणारं आता कोणी उरलंय का? लोकांना हवं असतं ना. आणि आवाज कॉम्प्युटरचा आहे, हे पाटीवर खाली लिहिलंय की." लिहिलंय खरं, मुंगीएवढ्या अक्षरात. मग त्याने कागद काढला. त्यावर सही माझी.

हो, माझी. गेल्या वर्षी हे लोक घरी आले, शाल-नारळ दिला, जत्रेला बाबांचं गाऱ्हाणं वाजवू म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की नितेशच्या फोनमधली बाबांची सगळी रेकॉर्डिंग मी देऊन टाकली आणि न वाचता सही केली. पोरांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून सांगणारी मी बाई. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय.

निघताना शौनक म्हणाला, "घरच्यांना फ्री आहे मावशी. कधीपण या."

आता खरं लिहिते. दुसऱ्या दिवशी दुपारी, देऊळ रिकामं बघून, मी गेले. नाव टाकलं 'बाळा'. नातं विचारतं, तिथे 'मुलगा' टाकलं. आणि बाबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्यो माझो झील बाळा. तेचा काय चुकला माकला असात ता पोटात घाल, आणि तेका सुखी ठेव रे म्हाराजा." मी मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि तिथेच रडले.

बावीस वर्षांपूर्वी तू देवापुढे दानपेटी ठेवलीस. छप्पर गळत होतं, तुझा हेतू वाईट नव्हता. पण शेवंतीच्या नवऱ्याला तू म्हणालास, आधी पेटीत टाक मग गाऱ्हाणं, आणि ते बाबांनी ऐकलं. त्यानंतर त्यांच्या गाऱ्हाण्यात सगळ्या चाळीची नावं यायची, तुझं आलं नाही. मी त्यांना कितीदा विनवलं. आणि तेराव्याला मी तुला सांगितलं की शेवटच्या दिवशी बाबांनी तुझं नाव घेतलं. दादा, ते खोटं होतं. मी विचारलं होतं, "बाळाक काय सांगू?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू तेव्हा माझा हात धरून रडलास, म्हणून आजपर्यंत तोंड उघडलं नाही. आता देवळात तेच खोटं कोणालाही विकत मिळतं, आणि सुरुवात माझ्यापासून झाली हे मला सहन होत नाही.

सोबत अर्ज आहे. वकील म्हणाले, आपण दोघा भावंडांनी सही केली तर ट्रस्टला आवाज बंद करावा लागेल. बाबांनी माफ केलं असतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल कधीच काही नव्हतं, एवढं मी माझ्या तोंडाने सांगू शकते.

सही करण्याआधी तुला एकदा येऊन ऐकायचं असेल तर ये. मी काही म्हणणार नाही. तेव्हापासून मी चारदा जाऊन आले आहे.

अर्जावर माझा रकाना कोरा दिसेल. विसरले असं समजू नकोस. पहिली सही तू कर, मग मी करेन. माझ्या एकटीच्या हातून होत नाही रे.

तुझी खोटं बोललेली बहीण,
प्रेमा