माझे सूर कोण बदलणार

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्या बिचाऱ्याची शोधाशोध वाचेल. तोवर ही फक्त माझ्यासाठी. जागा : कपाट, हिवाळी स्वेटरांखाली.
सभागृहाच्या मॅनेजरचा फोन. २८ तारखेला हंगामाची पहिली संध्याकाळ आमच्या बिग बँडला. जमलं तर दर महिन्याला एक कार्यक्रम. नाही जमलं तर ती तारीख कायमची जादूगाराला देणार, म्हणाला. मी हसलो. माझं 'उड्डाण' तयार आहे. सतरा वाद्यं, चार भाग, चाळीस मिनिटं. नव्या रचनेला बारा मिनिटं मिळतील, म्हणाला. ऐकल्यावर स्वतःच वाढवून देईल.

५ सप्टेंबर, गुरुवार
बायकोने 'उड्डाण'ची नक्कल सुरू केली. मी सगळ्या वाद्यांचं मिळून एकच मोठं बाड लिहितो, त्यातून प्रत्येक वादकाचा कागद ती वेगळा उतरवून काढते. तीस वर्षं करतेय. दिवसा छापखान्यात प्रुफं तपासायची, संध्याकाळी माझे कागद. काम सोपं आहे. वर दिसतं ते खाली लिहायचं.
तरी चुका करते! मी ट्रम्पेटला लिहिलेलं तिच्या कागदावर एक सूर वर चढलेलं असतं. सॅक्सोफोनचं तर विचारूच नका. मी मोठ्या मनाने बोलत नाही. आमचे वादक मुरलेले आहेत, सांभाळून घेतात. छापखान्याचा मालक म्हणतो, बाईंच्या प्रुफात आजवर चूक निघालेली नाही. स्वल्पविरामांपुरतं खरं असेल. संगीताशी तिचा काय संबंध? वडील बँडमास्तर होते, एवढंच. मीही कुठे शिकलोय म्हणा. मला ते जन्मतःच येत होतं.

९ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ
आज हद्द झाली.
पियानोचा कागद मी कधी बघत नाही. स्वतःचं लिहिलेलं काय बघायचं? आज चष्मा शोधताना तो हाती आला. तिसऱ्या भागात जिथे माझा सहा मिनिटांचा सोलो, तिथे बाईसाहेबांनी चौसष्ट बारांची विश्रांती लिहून ठेवलीय. म्हणजे चौसष्ट वेळा एक-दोन-तीन-चार मोजत हात मांडीवर ठेवून बसायचं. मी!
मागचे कागद काढले. प्रत्येकात हेच. गेली तीस वर्षं मी विश्रांतीतच वाजवतोय.
शांतपणे म्हटलं, तुझी नजर आता थकली, हे काम सोड. ती म्हणाली, बरं. पेन्सिलीला टोक काढत होती, ते पूर्ण केलं, पेन्सिल डब्यात ठेवली आणि भाजी चिरायला गेली. चिडली नाही, रुसली नाही. मनातून खजील झाली असणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३.००
जावईबापूंनी कॉम्प्युटरवर नोटेशनचा प्रोग्राम टाकून दिला. गुणी मुलगा. तिसऱ्यांदा समजावून सांगताना जरा आवाज चढवला, पण गुणी. तीन दिवस एका बोटाने बडवत अख्खं 'उड्डाण' आत घातलं. (बाकीची नऊ बोटं पियानोसाठी राखून ठेवली.)
प्रिंट देताना यंत्राने विचारलं, प्रत्येक वाद्यासाठी सूर बदलायचे का? मी 'नाही' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की का? आगाऊ यंत्र आहे. माझे सूर कोण बदलणार!
सतरा कागद. स्वच्छ, सुबक, एकही खाडाखोड नाही. बायकोला मुद्दाम दाखवले. तिने ट्रम्पेटचा कागद उजेडात धरला, थोडं हसली आणि म्हणाली, छपाई छान आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार
रिहर्सल. अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावरचा हॉल.
मी हात खाली आणला. पुढे जे झालं त्याला आवाज म्हणता येईल. ट्रम्पेट एका पट्टीत, सॅक्सोफोन भलत्याच, क्लॅरिनेटवाला मास्तर दोघांच्या मधे कुठेतरी अडकलेला. मला वाटलं मंडळी मुद्दाम करताहेत. फक्त ट्रॉम्बोन माझ्याबरोबर होते, आणि ट्रॉम्बोनवाले चारही जण याच केंद्रातले फायरमन. मी त्यांच्याकडे कौतुकाने पाहतोय तोच खाली घंटा झाली. चौघं जिन्यावरून धडधडत गेले. खरोखरची आग होती की काय, विचारायचं राहिलं.
पहिला ट्रम्पेट, म्हणजे दाताचे डॉक्टर, मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. पेशंटला दाढ काढायची आहे हे सांगतात तसं. ट्रम्पेटचा सूर मुळात पियानोपेक्षा खाली बोलतो, म्हणून त्याच्या कागदावर वर लिहावं लागतं, सॅक्सोफोनचा हिशोब आणखी निराळा. हे पहिल्या वर्षाला शिकवतात, म्हणाले. मी म्हटलं, मला माहीत आहे, हा प्रयोग होता.

१७ सप्टेंबर, मंगळवार
कारणं : १. हॉलमधला ओलावा. २. प्रिंटर. ३. जावई.
घरी काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. जेवण नेहमीपेक्षा चांगलं होतं. ते जास्त झोंबलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.३०
बेल वाजली. दारात दाताचे डॉक्टर, क्लॅरिनेटवाला मास्तर आणि एक फायरमन. म्हटलं, माफी मागायला आले. डॉक्टरांनी विचारलं, वहिनी आहेत का?
स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. मी दोनदा पाणी प्यायला गेलो. दोनदा बोलणं थांबलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा वहिनी पेन्सिलीने टेबलावर ठेका देत होत्या आणि तीन कर्ती माणसं माना डोलवत होती. चहाला आले असावेत. तिचा चहा खरंच चांगला असतो.

२१ सप्टेंबर, शनिवार
ती छापखान्यात गेल्यावर तिचा खण उघडला. तीस वर्षांचे कागद, तारीखवार. माझी बाडं शेजारी घेऊन बसलो.
माझ्या ज्या चालीला एकदा सगळं सभागृह उठून उभं राहिलं होतं, तिच्यात ट्रम्पेट मधेच उत्तर देतं, ते माझ्या बाडात नाही. शेवटी सॅक्सोफोन हळूहळू विझत जातात, जिथे डॉक्टरांच्या बायकोला रडू आलं होतं ती जागाही नाही. माझ्याकडे तिथे झांजा आहेत. बऱ्याच झांजा आहेत.
अर्थात, मला तेच म्हणायचं होतं. तिने माझ्या मनातलं उतरवलं. नक्कल म्हणजे तरी दुसरं काय?
तरी खरं लिहायचं तर भीती वाटतेय. बँड गेला तर सोमवारी संध्याकाळी मी काय करायचं?

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी
ठरवलं. मोठेपणा आपणच दाखवायचा. म्हटलं, तुला आणखी एक संधी देतो, कागद परत तूच कर. ती म्हणाली, कालच वाटून झाले. तुमचा पियानोवर ठेवलाय.
बघितला. 'उड्डाण' बारा मिनिटांचं झालंय. विश्रांती चौसष्ट बार. कमी नाही, जास्त नाही.
संकल्प : कार्यक्रमाच्या वेळी सोलो वाजवायचाच. अडवणार कोण?

२८ सप्टेंबर, शनिवार. घरी परतल्यावर
तिसरा भाग आला. मी हात उचलले. पहिल्या रांगेत ती, मांडीवर पर्स. माझ्याकडे बघतही नव्हती. डोळे मिटून ऐकत होती. मी हात मांडीवर ठेवले.
एक-दोन-तीन-चार. दोन-दोन-तीन-चार. कधी नव्हे ते माझा बँड मला ऐकू आला. ट्रॉम्बोन काय वाजवतात! गेली तीस वर्षं कोपऱ्यात बसून असं वाजवत होते का? मला रडू आलं आणि मोजणी चुकली. बेचाळीस की त्रेचाळीस, काही कळेना. खाली पाहिलं. पहिल्या रांगेत पर्सवर चार बोटं ठेका देत होती. तिथून परत धरलं.
लोक उभे राहिले. मॅनेजरने दर महिन्याची तारीख दिली, जादूगाराला मंगळवार. माझा हात हातात घेऊन म्हणाला, आज पियानो फार छान होता.

२९ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.००
कालच्या यशाची सविस्तर नोंद करायला वही उघडली. स्वेटरांखालीच होती. पण पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. सात ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलंय, तीन स्वल्पविराम घातलेत. 'भाजी चिरायला गेली' इथे समासात 'भाजी नव्हे, कांदा'. तिच्या चुकांबद्दल मी लिहिलं त्याला हात लावलेला नाही.
फक्त पहिल्या दिवशीच्या नोंदीत 'माझं उड्डाण' लिहिलंय, त्यातल्या 'माझं'खाली रेघ आणि समासात एक लहानसं प्रश्नचिन्ह.
खोडरबर शोधून काढला. मग डब्यात परत ठेवला. तिच्या प्रुफात आजवर चूक निघालेली नाही.