निम्मंच वाचलेलं पत्र

ता. ९ जानेवारी ४४, जबलपूर
दिवसभर लष्कराच्या गाड्या खोलल्या. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं न्हाई, असं कुलकर्णीबाबूंनी बजावलंय. बाबू सांगलीचे, स्टोअरला असतात. कादंबरी त्यांचीच. माझी चौथी पास, एका पानाला दोन बिड्या जळतात. त्यात एक म्हातारा हाय. आजारी बायकोला रोज संत्रं सोलून देतो, शिरा काढून. बोलत कायच न्हाई. लिहिलंय, हेपण प्रेमच. बाबूंना म्हटलं, "आमी तर संत्रंबी सोललं न्हाई कवा." हसले.

ता. १६
म्हाताऱ्याची बायको गेली. तरी हा संत्री सोलून बसतो. म्हणतो, एकदा तरी बोलायला पायजे होतं.
पुढं वाचवेना.
वडूजहून निघालो तवा गंगू दाराआडनं म्हणाली, "जाऊ नगासा." मी वराडलो, "तुला काय कळतंय?" बायकोशी शेवटचं बोलणं ते. दोन वरसं झाली. पत्र जातं बापाच्या, आबांच्या नावानं. त्यात बैलाची चौकशी असती, तिची नसती.

ता. १८
गंगूच्या नावानं पत्र टाकलं. पयलंच. नाव लिहिताना हात थांबला. पयल्या पानावर तिची आठवण, चुलीपुढचं तिचं तोंड, सगळं. दुसऱ्यावर त्या दिवसाची माफी.
टाकून आल्यावर बाबू म्हणाले, "अरे, पण तिला वाचून दाखवणार कोण?"
तेवढं डोक्यातच आलं न्हाई.

ता. ७ फेब्रु.
आबांचं पत्र, गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात. माझं पत्र मास्तरांनी नेहमीसारखं ओट्यावर मोठ्यानं वाचलं. गल्ली गोळा झालेली. माणसं हसाय लागली. कोण तरी म्हणालं, "आवं मास्तर, दम खावा, लेकीबाळी हायत हितं." पयलं पान संपायच्या आत आबांनी हिसकावलं, चुलीत घातलं. 'सुनेला माहेरी आटपाडीस पोचविली. तू आल्यावर बघू.'
म्हंजे हसू झालं तेवढं तिनं ऐकलं. माफी जळाली.

ता. ८
रजा मागितली. न्हाई मिळत. कादंबरी बाबूंना परत केली. "शेवट ऱ्हायला की रे." ऱ्हाऊ दे.

ता. २७
मेव्हण्याचं कार्ड. 'आक्का धड जेवत नाही. विचारते, पत्रात पुढे काय होते? मला लिहा, वाचून दाखवीन.'
परत दुसऱ्याच्याच तोंडनं. आणि ह्या खेपेला तिच्या भावाच्या.
कार्ड घेतलं. आटपाडीचा पत्ता लिहिला. 'गंगूस' लिहिलं.
पुढं लिहायच्या आत टाकावरची शाई वाळली.