दादाने मोडलेली बंदूक

२ फेब्रुवारी, रविवार

अखेर घेतली. एअर रायफल. स्प्रिंगवाली, छर्र्यांची, जुनी पण राजबिंडी. बाबांकडे होती तीच कंपनी, तेच मॉडेल, दस्त्याचं लाकूडसुद्धा तसंच काळपट. विकणारे एक म्हातारे घड्याळजी. दुकान चालू आहे म्हणायचं, म्हणजे दार उघडं असतं.

त्यांनी तीन सूचना दिल्या. एक, स्प्रिंग चढवून ठेवायची नाही. (नोंदीसाठी: नळी मुळाशी खाली मोडली की आतली स्प्रिंग दबून बसते, याला चढवणं म्हणतात. चाप ओढला की ती सुटते आणि हवेच्या जोरावर छर्रा जातो.) म्हणजे नेम धरायच्या आधी चढवायची, लगेच सोडायची, नाहीतर स्प्रिंग मरते. दोन, छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. तीन, आवळून धरायची नाही, तळहातावर नुसती टेकवायची. मी त्यांना सांगितलं की मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, अचूकता हा माझा पेशा आहे. ते म्हणाले, म्हणूनच पुन्हा सांगतो, आणि तिन्ही सूचना पहिल्यापासून परत सांगितल्या. म्हातारा बोलतो फार.

३ फेब्रुवारी

हिला रायफल दाखवली. हिने विचारलं, मारणार कुणाला? म्हटलं, कागदाला. हिने विचारलं, कागदाने काय केलंय? अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. रायफल कपाटात, माझ्या कोटांच्या मागे ठेवली. कोट दोनच आहेत, त्यामुळे ती दिसते.

५ फेब्रुवारी

उद्देश लिहून ठेवलेला बरा.

बेचाळीस वर्षांपूर्वी अशीच बंदूक आमच्या घरी होती. मी दहा वर्षांचा, दादा चौदाचा. दादाने ती मोडली. स्प्रिंगच मेली. बाबांनी विचारलं, कुणी केलं? दादाने कबूल केलं, मार खाल्ला, आणि बाबांनी बंदूक भंगारात देऊन टाकली. माझी सगळ्यात आवडती वस्तू गेली ती दादाच्या धसमुसळेपणामुळे. मी मनात काही ठेवलेलं नाही. फक्त घरात चार माणसं जमली की विषय निघतो, आणि विषय निघाला की मी सांगतो. त्यावरूनच नातेवाइकांत दादाचं नाव मोडतोड खातं पडलं. नाव मी ठेवलं असलं तरी चाललं ते स्वतःच्या गुणांवर.

दादा आणि वहिनी पंधरा मार्चला तीन दिवसांसाठी येताहेत. तेव्हा त्याला अंगणात उभं करून दाखवणार की बंदूक अशी वापरतात, अशी जपतात. त्याने एकदा, फक्त एकदा, चुकलं माझं म्हणावं. बेचाळीस वर्षांत म्हणालेला नाही. नुसता हसतो.

संकल्प: रोज सकाळी साडेसहाला सराव. दहा मीटरवर दहापैकी दहा.

८ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या अंगणात रेंज तयार. भिंतीला टेकून लाकडी खोका, त्यात रद्दी ठासलेली, पुढे टीनचं झाकण टांगलेलं. अंतर खात्याच्या टेपने मोजलं. बरोब्बर दहा मीटर.

दहा छर्रे. झाकणाला शून्य. एक हिच्या बादलीला लागला, तो धरत नाही. आजची फक्त चाचणी होती. बादलीला लागलेला मात्र अगदी मधोमध लागला, म्हणजे नेमात दोष नाही, दिशेचा प्रश्न आहे. रायफल घट्ट आवळून धरली होती, तरी उसळते. उद्या अजून आवळायची.

१० फेब्रुवारी

दोष सापडला. छर्रे.

ऑफिसात लंच टाइमला तपासणीच्या तराजूवर वीस छर्रे एकेक करून तोलले. एकाचं वजन दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. असे छर्रे विकणाऱ्यावर खटला भरायला हवा. साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, हा कुठल्या दुकानाचा माल? म्हटलं, एका गंभीर तक्रारीचा. तक्रारदार कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

सराव झाला नाही. खांदा दुखतो. नेम चुकीचा नाही, चढवायचे कष्ट चुकीचे आहेत. नळी खाली ओढता ओढता सगळा दम जातो, आणि मग हात थरथरतो. त्या थरथरीला लोक माझा नेम समजतील.

तोडगा निघाला. संध्याकाळी चहानंतर अंगात जोर असतो, तेव्हा चढवून ठेवायची. छर्रा अर्थातच नाही घालायचा, मी काही बेजबाबदार नाही. सकाळी ताज्या हाताने नुसता छर्रा घालून मारायची. घड्याळजींची पहिली सूचना मला आठवते आहे, पण ती सरसकट लोकांसाठी असावी. एका रात्रीने काय होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

तीन लागले. दहापैकी तीन. झाकणाचा आवाज ऐकून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विचारलं, काय पडलं?

अंतर आठ मीटर केलं आहे. मूळ दहाचा आकडा मीच ठरवला होता, त्यामुळे दुरुस्तीचा अधिकारही माझाच. चढवून ठेवायची पद्धत फार सोयीची. या आठवड्यात दोन दिवस सराव झाला नाही, तेव्हा ती तशीच चढवलेली राहिली. कायम तयार. दादाला असली शिस्त कधी जमली नसती.

१ मार्च

विचित्र प्रकार. पहिल्या आठवड्यात खोक्यामागच्या भिंतीपर्यंत छर्रे जायचे, रद्दीची चळत फोडून. नंतर रद्दीत अडकायला लागले. आता झाकणाला लागले तरी पोचा येत नाही. या महिन्याचं झाकण जाड दिसतं. हिला विचारलं, कुठल्या डब्याचं? ही म्हणाली, त्याच डब्याचं, दुसरं झाकण कुठून आणू?

डब्यांच्या झाकणांत एवढी तफावत असेल तर हा आमच्याच खात्याचा विषय आहे.

२ मार्च, रविवार

तेल. इतकं साधं सुचलं नाही. घड्याळजी एक थेंब म्हणाले होते, पण जुन्या माणसांना हात आखडता घ्यायची सवय असते. मी सढळ हाताने घातलं, शिवणयंत्राची अख्खी बाटली.

पहिल्याच बाराला धडाम आवाज. निळा धूर. नळीतून तेल उडून दोरीवरच्या दोन चादरींवर पडलं. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन विचारत होत्या की गॅसवाल्याला बोलवायचं का. हिने चादरी माझ्या हातात दिल्या आणि साबण दाखवला.

पण जोर परत आला. आवाजच सांगत होता.

४ मार्च

जोर गेला. तेल जळून संपलं, जोरही संपला. घड्याळजींकडे गेलो तर दुकानाला कुलूप, दारावर चिठ्ठी: मुलीकडे गेलो आहे, महिन्याने येईन. माल विकून पोबारा. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच शंका आली होती.

एक मात्र झालं. रायफल चढवायला आता काही कष्टच पडत नाहीत, नळी दोन बोटांनी खाली येते. नियमित व्यायामाने माणसाचा हात किती तयार होतो.

७ मार्च

सहा मीटर. मग पाच. छर्रा झाकणापर्यंत जातो, टेकतो, आणि खाली पडतो. नेम मात्र उत्तम होत चालला आहे. पाच मीटरवर दहापैकी सहा. खोलवर घुसण्याचा आणि नेमाचा काय संबंध? दादाला नेम दाखवायचा आहे, विहीर खणायची नाही.

त्याने चुकलं माझं म्हटल्यावर मी काय म्हणायचं तेही ठरवलं. जाऊ दे दादा, लहान होतास. थोडं थांबून म्हणायचं.

१५ मार्च, शनिवार

दादा आणि वहिनी आले. तो वाळलाय. पिशवीतून माझ्यासाठी गरम बंडी काढली, म्हणाला, सकाळी बाहेर उभा राहतोस म्हणे. हिने फोनवर सांगितलेलं दिसतं. हिला आणखी काय काय सांगायची सवय आहे कोण जाणे.

संध्याकाळी मी सहज विषय काढला. बाबांची बंदूक, मोडतोड खातं, वगैरे. दादा हसला, नेहमीसारखाच. वहिनी हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

१६ मार्च, रविवार

लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीत पान कोरं राहिलेलं मला चालत नाही.

सकाळी नऊ वाजता सगळ्यांना अंगणात बोलावलं. झाकण पाच मीटरवर. पहिला छर्रा खोक्याच्या पायाशी पडला. वारा होता. दुसरा त्याच्याही अलीकडे. तिसरा नळीतून बाहेर आला आणि माझ्या चपलेवर पडला. हिने तोंडावर पदर घेतला, तिला खोकला आला असावा.

दादाने रायफल मागितली. नळी एका हाताने मोडली, ती झुलल्यासारखी खाली आली. परत मिटली. दस्ता कानाशी नेऊन हळूच हलवली. चाप ओढलाच नाही. मग त्याने मला विचारलं, अगदी हळू, की तू अजून चढवून ठेवतोस का रे.

मी म्हटलं, छे. मग म्हटलं, अजून म्हणजे?

दादा म्हणाला, काही नाही, नवीन स्प्रिंग बसेल. पण वहिनी पुढे आली. म्हणाली, आज सांगा, नाहीतर मी सांगते, लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. दादा नको म्हणत राहिला आणि तिने सांगितलं. बाबांची बंदूक मी चढवून पलंगाखाली ठेवायचो. दादाने दोन-तीनदा पाहिलं होतं, दोन-तीनदा सोडूनही ठेवली होती. त्या दिवशी बाबांनी पट्टा काढून विचारलं, कुणी केलं, तेव्हा तो माझ्याकडे बघून मी केलं म्हणाला. का, तर मी हडकुळा होतो आणि बाबांचा हात जड होता. एवढंच कारण.

दादा म्हणाला, जाऊ दे, लहान होता तो. थोडं थांबून म्हणाला.

१७ मार्च

विचार केला. वहिनीचं म्हणणं पुराव्याअभावी ग्राह्य धरता येत नाही. मुद्दे काढले.

मुद्दा पहिला: दादाचं वय छप्पन्न, या वयात आठवणींची सरमिसळ होते. मुद्दा दुसरा: दहा वर्षांच्या हडकुळ्या पोराला ती स्प्रिंग चढवताच आली नसती, तेव्हा चढवून ठेवण्याचा प्रश्नच नाही.

इथपर्यंत झकास जमलं. मग आठवलं की हाताने चढवता येत नव्हतीच. दस्ता भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून नळीवर पोटाने लोंबकळायचो. पोटावर लाल वळ उठायचा, तो मी आईला दाखवायचो नाही. आणि इतक्या मेहनतीने चढवलेली उगाच कशाला सोडायची, म्हणून तशीच पलंगाखाली सरकवायचो.

तिसरा मुद्दा सुचला नाही. दादा तेव्हा आठवडाभर पालथा झोपायचा, हे मात्र आठवलं. मी त्याला विचारलंसुद्धा होतं की माझी बंदूक मोडून झोप कशी येते.

१८ मार्च

दादा-वहिनींना स्टँडवर सोडलं. वाटेत म्हणायचं ठरवलं होतं. तिकीट काढताना म्हणणार होतो, मग बॅगा चढवताना. शेवटी म्हणालो ते एवढंच, की खिडकीत बस, गाडी लागत नाही. गाडी लागते ती मला. त्याला कधीच लागत नाही. तो म्हणाला, बरं.

२३ मार्च, रविवार

सकाळी फोन केला. वहिनीने उचलला, दादा केस कापायला गेला होता. मला हायसं वाटलं, याची लाज वाटली. मी वहिनीलाच म्हटलं, चुकलं माझं. शब्द काही फार अवघड नाहीत. वहिनी म्हणाली, आम्हाला कशाला सांगता भाऊजी, आम्हाला ठाऊकच होतं. ज्यांना ज्यांना उलटं सांगितलंत त्यांना सांगा.

ते योग्यच होतं. म्हणून दुपारी वही घेऊन यादी करायला बसलो. मोडतोड खात्याची गोष्ट कुणाकुणाला सांगितली आहे. दोन्ही काका, आत्या, तिचे जावई, मावसभाऊ झाडून सगळे, साहेब, ऑफिसातला शिपाई, हिच्या माहेरचं अख्खं घर. मला एक नाव आठवेपर्यंत ही तीन सांगत होती. त्रेसष्टावर पोचलो तेव्हा पेन ठेवलं. प्रत्येकाकडे जायचं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. यांतले निम्मे तर दादाला अजून घरातली नाजूक वस्तू उचलू देत नाहीत.

हिला म्हटलं, झाली यादी. ही म्हणाली, माझं नाव राहिलं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिलाही मीच सांगितलं होतं. नवीन होते, खरं वाटलं, असं म्हणाली. म्हणून सव्वीस वर्षं तो आला की सगळ्यांना कपबशीत चहा आणि त्याला स्टीलच्या पेल्यात. परवासुद्धा.

मला वाटायचं, त्याला पेल्यातलाच आवडतो.