ऑक्टोबरवरची गाठ

नागपूर, १२ एप्रिल १९७४

ताईला दिसत नाही, म्हणून नागपूरच्या वर्षभराच्या तापमानाचा आलेख मी पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून काढला. शाळेत वीस वर्षं हीच रेघ फळ्यावर काढतो आहे, तरी चुकलोच. सवयीने आलेखाच्या कागदावरचे चौकोनही दोऱ्याचेच केले. ताईने बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे तं जाळं आहे गा. उन्हाळा कुठी आहे यात?"

चौकोन उपटले. एकच रेघ उरली. मग तिचं बोट जानेवारीपासून हळूहळू चढत गेलं, मे महिन्यात टेकलं, तिथून पावसाळ्यात उतरलं. जणू ती टेकडीवरून चालली होती आणि मी मागून. ऑक्टोबरवर बोट पुन्हा थांबलं.

"इथं काही उंच लागून राहिलं. ऑक्टोबरची गरमी ना?"

ती गाठ होती. दोरा पुरला नाही म्हणून मारलेली. मी "हो" म्हणून बसलो. काहून? तिचा चेहरा खुलला होता म्हणून?

जेवण झाल्यावर डोळे मिटून मीही बोट फिरवलं. चढ, मग लांब उतार. बोटाखाली खरंच गार होत गेल्यासारखं वाटलं. आणि परत ती गाठ. राहवलं नाही. उठून ताईला सांगितलं.

"गाठ आहे हे मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "तू सांगशील का नाही, तेच पाहून राहिली होती."