खालची रिंग

आई, तुझ्या स्वयंपाकघरात आता कुणी पिस्टन घासत नाही. वर्कशॉप अजून देवराज मोहल्ल्यातच आहे आणि बाबांच्या मागे थोरला म्हणून अण्णाच ते चालवतो, पण बोटींची इंजिनं उघडली की त्यांचे सुटे भाग तिथल्याच मागच्या खोलीत राहतात. शनिवारी कॉलेज सुटलं की मी तिकडे जाते. रक्तातल्या साखरेमुळे अण्णाच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. पाना तो व्यवस्थित फिरवतो, पण पिस्टनच्या खाचेत धरलेला कार्बन त्याच्या बोटांना आता कळत नाही. ते काम मी करते. गिऱ्हाइकांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं अण्णाच करतो, जसं तुझ्या वेळी वाटायचं की बाबाच करतात.

तुझा हात मला अजून दिसतो. साराच्या पातेल्यावर झाकण ठेवून तू पाटाशेजारी जुनं वर्तमानपत्र पसरतेस, केरोसीनमध्ये भिजलेला पिस्टन त्यावर ठेवतेस. त्याच्या माथ्यावर काळा, टणक थर आहे. दूध करपतं तशी ही इंजिनाची करप, असं तू म्हणायचीस. एखादा बोटवाला दारात आला की तू आतूनच विचारायचीस, "पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतोस रे?" तो म्हणायचा, "थोडं जास्तच घालतो अक्का, आपलंच इंजिन आहे." मग तू हसायचीस. "लाडाने करपवलंस बघ." बांबूच्या कापटीने तू तो थर पापुद्र्या-पापुद्र्याने उचलायचीस. एकदा मदत करायची म्हणून मी उलथणं उचललं, तेव्हा तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की मला रडू आलं. "लोखंड लावतेस? ॲल्युमिनियम आहे ते. ओरखडा पडला की पुढची करप तिथेच धरते." मग माझे डोळे पुसून तू माझा अंगठा पिस्टनभोवती खाचेत बसलेल्या रिंगवर ठेवलास. दाबली की आत जायला पाहिजे, सोडली की आपली आपण बाहेर यायला पाहिजे. येत नसेल तर इंजिन सुम्ने, तसंच जोडून द्यायचं नाही. हे तू रागावून सांगितलं नव्हतंस, म्हणूनच ते जास्त लक्षात राहिलं असावं.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारचं सांगायचं आहे. येलवालच्या पुढे धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणारा एक जण त्याचं इंजिन घेऊन आला होता. जुनं टू-स्ट्रोक, बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं. तोही लाड करणाऱ्यांपैकीच. इंजिनाचा जोर गेला होता आणि भर पाण्यात ते बंद पडायला लागलं होतं. सकाळी अण्णाने ते पाण्याच्या पिंपात चालू ठेवून कार्बन सोडवणारं औषध आत फवारलं. गल्लीभर पांढरा धूर झाला. समोरचा शिंपी दुकानातून अण्णाला ओरडून म्हणाला, "काय सार, मोहल्ल्यातले सगळे डास आजच मारताय?" मग औषध मुरू दिलं, इंजिन उघडलं, आणि मी पोचले तेव्हा पिस्टन माझी वाट पाहत होता.

बोटवाला पायरीवर बसून होता. रविवारी त्याला बायको आणि दोन मुलींना घेऊन पलीकडच्या काठावर जायचं होतं, बहिणीच्या बाळाच्या नामकरणाला. मला बघून तो म्हणाला, "अक्का, सारांचं जेवण आणलंत वाटतं." मी हो म्हटलं.

माथा स्वच्छ झाला. वरची रिंग दाबली, सोडली, बाहेर आली. खालची एका बाजूने आत गेली आणि तिथेच राहिली.

"अण्णा, खालची येत नाहीये."

"पूर्ण?"

"अर्धी बाजू."

"अर्धी सुटली ना? मग उरलेली चालता चालता सुटेल. बिडु, सोड ते, जोडून टाकू."

"आणि नाही सुटली तर?"

"प्रोफेसरबाई, प्रॅक्टिकल संपलं. तो माणूस सकाळपासून बसलाय."

अण्णाचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं, हे मला लिहायलाच हवं. अशी अर्धी रिंग घेऊन कितीतरी इंजिनं चालतात. पण एखाद्याचं असं होतं की आतली आग अडकलेल्या रिंगच्या बाजूने खाली उतरते, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. मग चालू करायची दोरी कितीही ओढा, ते हलत नाही. सोडवायला जावं तर रिंग पापडासारखी कडक, जरा जास्त वाकली की तुटते. या इंजिनाच्या रिंगा आता मैसूरमध्ये मिळत नाहीत, मंगळूरहून मागवाव्या लागतात. म्हणजे तोपर्यंत त्याची बोट काठावर आणि मासेही पाण्यातच.

बोटवाला आत डोकावला. "आयता सार, झालं का? दुपारनंतर तिथे वारा वाढतो. उजेडात एकदा चालवून बघितलं असतं."

का कोण जाणे, मी विचारलं, "बोटीत लाइफ जॅकेट आहेत का?"

"एक आहे की अक्का. धाकटी त्यावर बसते. फळी टोचते तिला." तो हसला. "तिने आत्तापासून बांगड्या भरून ठेवल्यात."

तो बाहेर गेल्यावर अण्णा माझ्याकडे बघत राहिला. "आता त्याला काय सांगणार आहेस?"

"थोडा वेळ दे."

मी ऑइल कोमट केलं, रिंगच्या कडेने सोडलं, पितळेची पातळ पट्टी खाचेत सरकवली. बाजूला अण्णा उभा. त्याचा श्वास मला ऐकू येत होता आणि बाहेर बोटवाला फोनवर बायकोला सांगत होता की झालंच आहे, येतो. रिंग किंचित हलली. पुन्हा ऑइल, पुन्हा पट्टी. चारांतले जवळजवळ तीन भाग मोकळी झाली. मग टिक असा आवाज आला.

अण्णाने तुकडा माझ्या हातातून घेतला, फडक्याला हात पुसले आणि बाहेर गेला. मी दाराआडून ऐकलं. "माझ्या हातून रिंग तुटली. मंगळूरहून मागवतो. उद्या काही जमणार नाही."

बोटवाला म्हणाला, "तुमच्या वडिलांच्या हातून कधी तुटली नव्हती, सार."

"खरंय," अण्णा म्हणाला.

मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं. आले नाही. बाहेर आले असते तर अण्णाच्या बोटांचंही सांगावं लागलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत खोटी नाही, पण पुरेशीही नाही. रविवारी ती मंडळी बस बदलत, लांबच्या रस्त्याने गेली आणि नामकरण होऊन गेल्यावर पोचली. अण्णानेच फोनवर सांगितलं. त्या दिवशी वारा तसा नव्हताच, असंही त्याने सांगितलं. रिंग अजून आलेली नाही. बोटवाला आता हरिगोलात, वेताच्या गोल टोपलीसारख्या होडीत बसून काठाकाठाने जाळं टाकतो, हाताने वल्हवत.

आई, तू असतीस तर ती रिंग सोडवली असतीस का, हे मला विचारायचं नाही. सोडवली असतीस. मला त्या शेवटच्या क्षणाबद्दल लिहायचं आहे. रिंग सुटायला लागली होती. तिथे थांबून आणखी ऑइल मुरू द्यायचं, हे मला माहीत होतं. तूच शिकवलं होतंस. त्या क्षणी अण्णानेही घाई केली नव्हती. त्या वेळी माझ्या डोळ्यासमोर ती लाइफ जॅकेटवर बसलेली मुलगी होती. इंजिन जोडून दिलं तर ती उद्या पाण्यावर असणार, आणि माझं काम बरोबर झालंय याची खात्री मला कुणीच देणार नव्हतं. मी पट्टीवरचा जोर कमी केला नाही. चुकून झालं असं लिहिलं तर हात अडतो. मुद्दाम केलं असं लिहिलं तरी अडतो.

अण्णा दर शनिवारी म्हणतो, जुनं लोखंड होतं, तुझा काय दोष. मी मान हलवते. त्याला हे दाखवणार नाही, आणि तुला पाठवायला पत्ता नाही, म्हणून हे पान डायरीतच राहील. एवढंच लिहून ठेवते, की तो आवाज आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं.